कापलेली पट्टी परत घेतली जाणार नाही

अशी पाटी आहे आमच्या दुकानात,
दांडेकर पुलाच्या अलीकडे, झेरॉक्सच्या शेजारी.
अक्षर माझंच.
शेठ म्हणाले होते, ठळक लिही, लोक हुज्जत घालतात.

अकरा वर्षं मी इथे कात्री चालवते.
डी.फार्म.ला कात्री शिकवत नाहीत.
दहातून चार, सहातून दोन,
तारखेचा तुकडा दुकानात ठेवायचा,
हे गिऱ्हाइकांनीच शिकवलं.

मुनीरभाई रिक्षा चालूच ठेवून विचारतात,
"पाच दिवसांचं लिहिलंय, पण ताप दोन दिवसांत उतरला तर?"
पोरगी मागच्या सीटवर, कानाला रुमाल.
मी सांगते, कोर्स पूर्ण करा.
ते मीटरकडे बघतात.
मी दोन दिवसांचं कापते.

आणि सहकारनगरातले दातार सर,
एकोणीस वर्षं विम्याचा हप्ता न चुकता.
कंपनीने कळवलं, हा आजार तुम्हाला आधीपासून होता.
"आधीपासून म्हणजे कधीपासून?"
हे ते मला विचारतात, मी औषधं विकणारी.
मग त्यांनीही अर्धीच पट्टी मागितली,
हळू आवाजात,
शेजारी कोण उभं आहे ते बघून.

सोजरबाई खुडे सोसायट्यांचा कचरा उचलतात.
बीपीची गोळी, रोज एक.
त्या आठवड्याला तीन नेत.
म्हटलं, मावशी, बाकीचे दिवस?
"चार मजले असत्यात त्या दिशी घेती.
तळमजल्याला कशाला गं वाया घालवायची?"
मी हसले.
हे लिहून ठेवते, मी हसले होते.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला.
तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही.
समोरच्या हॉस्पिटलने आधी डिपॉझिट सांगितलं.
सरकारी वॉर्डात खाली गादीवर जागा मिळाली,
औषधं बाहेरून.
त्याने काउंटरवर शेवेची पुडी उलटी केली.
सात गोळ्या, सुट्ट्या, चंदेरी चौकोनात,
प्रत्येकाची कड माझ्या कात्रीची.
"आईनं साठवल्या होत्या. ह्या परत घ्या,
तेवढे पैसे कमी करा."

पाटी त्याच्या डोक्याच्या बरोबर वर होती.

महापालिकेचा फॉर्म असतो,
नागरिकांनी कामं सुचवावीत म्हणून.
लोक बाक मागतात, दिवे, पेव्हिंग ब्लॉक.
मी पहिल्यांदाच भरला.

कामाचे स्वरूप: गोळी. रोजची. पूर्ण पट्टी.
घाईत नसलेला डॉक्टर.
खाट, जमिनीपासून वर.
डिपॉझिट हा शब्द दारावरून काढणे.

कामाचे ठिकाण: एकच लिहा, असं छापलं होतं.
लिहिलं, जिथे जिथे जिने आहेत तिथे.
तळमजले धरून.

अंदाजे खर्च: खर्च होतोच आहे, साहेब.
आत्ता तो सोजरबाईंच्या उजव्या हातातून वळता होतो.
तोच सगळ्यांनी मिळून भरू,
ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त,
आणि आजारी पडायच्या आधी.

लाभार्थी: हा शब्द मी खोडला.
नळाला पाणी आलं
तर कोणी आपल्याला लाभार्थी म्हणतं का?

खिडकीतला माणूस वाचत राहिला.
म्हणाला, हे आपल्याकडे येत नाही, हे वरती जातं.
मग वरती पाठवा.
"वरती म्हणजे कुठे, ते मलाही नक्की माहीत नाही,"
म्हणाला, आणि शिक्का मारला.
त्याच्याही खिशातून
कापलेल्या पट्टीचं टोक डोकावत होतं.

सात गोळ्या मी परत घेतल्या.
शेठनी वही बघितली, चष्मा पुसला, काही बोलले नाहीत.
ड्रॉवरमध्ये पडून आहेत अजून.
विकता येत नाहीत, टाकवत नाहीत.
तारखेचा तुकडा केव्हाच गेला,
त्यामुळे कुठवर चालतील
ते त्यांच्यावर लिहिलेलं नाही.