एक इंच

उद्यमबागेत माझं लेथ.
दिवसभर शतांश मिलीशी भांडण.
कुणाचा शाफ्ट दोन शतांश जाड निघाला
तर मी जेवायला उशिरा जातो.
आणि इथे एका इंचासाठी
गणपतीपासून अडकून बसलोय.

गाडी साधी. पाच दारं, के ए बावीस,
माझ्याआधी दोघांनी वापरलेली.
पण इंजिनाला राग आहे.
चार हजारांच्या वर काटा गेला
की घसा खाकरून बोलते,
तेवढ्यासाठी घेतली.

कंपनीचं चाक पंधरा.
सतरा मी गुरसिद्धाच्या दुकानात बघितली,
राखाडी, दहा आऱ्यांची,
आऱ्यांमधून ब्रेकची थाळी दिसते.
त्या दिवसापासून माझी गाडी मला
आखूड पँट घातलेल्या माणसासारखी दिसायला लागली.

हिशेब सरळ आहे.
बाहेरचा घेर तोच ठेवायचा,
धातू वाढला की रबर घटतं.
पंधराला रबराची भिंत एकशेवीस मिली,
सतराला ब्याण्णव.
त्या अठ्ठावीस मिलीत
पिरनवाडीपासून मच्छेपर्यंतचे सगळे खड्डे मावतात.

मला कुणी सांगायला नको.
वाकलेली चाकं माझ्याकडेच येतात.
डायल लावून हळू फिरवलं
की काटा एका जागी उडतो,
तिथे रस्त्याने हात उगारलेला असतो.
बहुतेक सतराच असतात.
मी सरळ करतो, साडेसातशे घेतो,
परत देताना हातावर उगाच तोलून बघतो,
दुसऱ्याचं पोर घ्यावं तसं.

गुरसिद्धा म्हणाला, ने चार दिवस. आवडली तर बोलू.

रविवारी एकटाच जांबोटीला गेलो.
काय सांगू.
कुसमळीच्या अलीकडचं वळण
मी पेन्सिलीने काढलं.
स्टिअरिंगला खडी कळत होती,
पांढरा पट्टा कळत होता,
मळप्रभेच्या पुलाचा सांधा तळव्यात वाजला.
परतताना त्याच वळणासाठी
गाडी फिरवून पुन्हा मागे गेलो.
हे घरी सांगितलं नाही.

सोमवारी सुनेत्रा शेजारी.
खानापूर रस्त्याला तिची शाळा,
वह्या ती गाडीतच तपासते,
मांडीवर गठ्ठा, दातात टोपण.
ती काही बोलली नाही.
चाकं बदललीत हेसुद्धा
तिला गुरुवारी कळलं असेल.

रात्री डबा काढताना
मागच्या सीटवर एक वही राहिलेली.
चौथी ब, समृद्धी नावगेकर, गणित.
पहिली चार उत्तरं बरोबर,
पण बरोबरच्या खुणा
अशा, की भूकंप नोंदवलाय कुणी.
एक तर मधेच तुटून
पुढच्या गणितावर पडलेली.
पाचव्या उत्तरावर तिने
खूण खोडून, पुन्हा काढून,
खाली नीट अक्षरात लिहिलं होतं:
'तुझं बरोबर आहे, बाईंचा हात हलला.'

मी वही तशीच धरून
पार्किंगमध्ये उभा राहिलो.
दिव्याखाली चाकं सुंदर दिसत होती.
अजूनही.

शुक्रवारी दुकानात गुरसिद्धाने जॅक लावला,
विचारलं, याव्दु हाकलि रि?
मी मराठीत पाढे शिकलो,
मराठीतच मनात मोजतो,
त्यामुळे पंधरा की सतरा
हा तंटा तोवर मराठीतच चालला होता.
तोंडातून आलं, हदिनारु.
सोळा.
कुठून आलं माहीत नाही.
मनात तर कधी म्हटलंच नव्हतं.
तो हसला, आतून जुनी पण सरळ चार काढली.
मी तरी डायल लावून बघितली. तीन दशांश. चालेल.

आता पंधराची मऊ झोप गेली.
जांबोटीचं वळण थोडं जाड रेघेनं निघतं.
ईरान्नाचा पोरगा म्हणतो, काका, अर्धवट केलंत.
असेल.

काल लाल सिग्नलला
तिच्या मांडीवरच्या वहीत डोकावलो.
खूण जवळजवळ सरळ.
टोकाला जराशी थरथर.
ती म्हणाली, काय बघता?
मी म्हटलं, काही नाही.
तेवढी थरथर माझी आहे,
तेवढी राहू दे.