नीट न धुतलेली कुपी

आइंडहोवनच्या रसायनशाळेत काचसामान धुणारा मी, हूब.
बत्तीस वर्षं. आधी साबण, मग पाणी, मग ॲसिटोन,
मग उलटी घालून रात्रभर फडक्यावर.
बोटांवरचे ठसे अजून उरलेत का,
मला शंकाच आहे.

नुरजिहान सांगते, तिचे रेणू ना डावे ना उजवे.
चपटे, तबकडीसारखे, तीन शेपट्यांचे.
गरम द्रावणात एकेकटे भटकतात,
निवायला लागलं की एकावर एक चढतात,
माझ्या ओट्यावरच्या ताटांसारखे,
फक्त दर ताट खालच्यापेक्षा जरासं वळून.
आणि वळायचं म्हटलं की बाजू आलीच.
निम्मे जिने असे, निम्मे तसे.
बेरीज शून्य.
पडद्यावर सपाट रेघ, आमच्या मुलखासारखी,
चढ म्हणायला फक्त कालव्यावरचा पूल.

मंगळवारी रेघेला दरी पडली.
ती धावत तळघरात आली, हातमोज्यांसकट
(त्याला परवानगी नाही).
"हूब, कोणी सांगितलं नाही, कोणी ढकललं नाही,
सगळे आपणहून एकाच बाजूला वळले!"
आईला फोन लावला, तुर्कीत काहीतरी बोलली, हसली.
मी दरी पाहिली नाही.
मी कुपी पाहिली.
कोपऱ्यात नखाएवढा ओरखडा.
शुक्रवारी योरिटनं ठेवलेली, मी धुतलेली.
ॲसिटोन संपत आलं होतं, बस सुटणार होती,
एकदाच खळबळली.

योरिटचे रेणू तिच्यासारखेच,
पण प्रत्येक शेपटीला एक बारीक फाटा,
कायम त्याच अंगाला.

सक्तीच्या लष्करात आम्ही शंभर पोरं होतो
आणि एक सार्जंट, फारसा न ओरडणारा.
त्याचा पाय पडला की शेजारच्याचा पडायचा,
त्याच्यामुळे त्याच्या शेजारच्याचा.
दहाव्या रांगेत मला सार्जंट दिसतही नव्हता.
मी नेमका कोणाच्या पायानं चालत होतो?

दोन रात्री काढल्या.
गुरुवारी सांगून टाकलं, ओला टॉवेल हातात धरून.
ती स्टुलावर बसली.
बराच वेळ फ्रीजची घरघर.
मग म्हणाली, "आत किती राहिलं असेल?"
मी म्हटलं, थेंब नाही. थेंबाची आठवण म्हण.
"शंभरात एक? दोनशेत एक?"
हातमोज्यावरच आकडे मांडायला लागली.
रागाची वाट बघत मी उभा होतो,
तो आलाच नाही.

कुपी तिनं स्वतः धुतली, तीनदा.
रेघ पुन्हा सपाट.
मग योरिटच्या बाटलीतून सुईच्या टोकावर मावेल इतकं घेतलं,
नव्वद अंशांवर तापवलं, हळूहळू निववलं,
एकेक अंश, आम्ही दोघं एकाच पडद्यासमोर.
चाळीसपर्यंत काही नाही.
अडतीसला रेघ वाकली
आणि वाकतच गेली.
"एवढ्याशानं," ती पुटपुटली. "बघ ना, एवढ्याशानं."
तो आवाज मंगळवारचा नव्हता.

त्या कुपीवर आता चिठ्ठी आहे:
हूबची. हात लावू नये.
शोधनिबंधात माझं नाव घालते म्हणाली.
मी नको म्हटलं. घाणीचं श्रेय कसं घ्यायचं?

रात्री घरी जेवणाची ताटं विसळताना
पहिल्यांदा लक्षात आलं,
नळाखाली प्रत्येक ताट मी डावीकडेच फिरवतो.
आई तसंच फिरवायची.
तिला कोणी दाखवलं होतं,
विचारायचं राहून गेलं.