नऊ नंबरचा निरोप

वडनेरच्या जिनिंगात साडेसहाला
काट्याच्या पावत्या थांबल्या.
गेटाबाहेर सतरा गाड्या,
आणि खिडकीत शालिकराम कुंभरे :
"काहून वो मॅडम, झोपलं का तुमचं मशीन?"

झोपलंच होतं.
लोड एकेचाळीस, प्रोसेसर मात्र रिकामा,
जसं लग्नघरात सगळे घाईत
आणि चूल पेटलेलीच नाही.
यादीत एकाखाली एक उभे डी, डी, डी –
हाक न पोचणारी झोप.

झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात.
हे सोंग नव्हतं.
कुणीतरी "आलोच" म्हणून आत गेलेलं,
आणि हे दाराशी तसेच उभे.

मी किल दिला. मग नऊ नंबरचा किल,
ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.
सात जणांना दिला, ओळीनं, रागात.
कुणी हललं नाही.
निरोप उशाशी जाऊन पडला असावा,
न वाचलेला.

मग विचारलं, जे आधी विचारायचं होतं :
थांबलास कुणासाठी?
डिस्कसाठी. सगळ्यांचं एकच उत्तर.

डिस्क प्रेसहाउसच्या मागे, लोखंडी कपाटात.
टॉर्च घेऊन गेले. पेटी तव्यासारखी तापलेली.
पंख्याच्या जाळीवर बोटभर थर :
हंगामभर उडालेली रुई,
कुणाच्याच वजनात न धरलेली.
केसातली पिन काढून
उकिडवी बसून सोडवत राहिले.
पंखा कुरकुरला, मग फिरला.

परत येईतो प्रिंटर चालू झाला होता.
एकेक डी गळत गेला,
कुणाला हाक मारावी लागली नाही.

पण त्या सातांना
जागं होताच उशाशीचा निरोप दिसला.
डोळे उघडले, आणि गेले.

सहा पावत्या पुन्हा काढता आल्या.
सातवी शालिकरामची.
भरल्या गाडीचं वजन तिच्यातच होतं,
आणि ट्रॉली केव्हाच ढिगावर रिकामी.
"आकडा मी पाह्यला ना जी, एकावन्न सत्तर."
मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "पन्नासच असन."

एकावन्न सत्तर लिहिलं. हातानं. खाली माझी सही.

रात्री रजिस्टरात, बिघाडाचं कारण :
पंखा बंद.
पेन तिथंच टेकलेलं राहिलं बराच वेळ.
कशासाठी थांबलीस,
कुणी विचारलं नाही.