रात्री तीनला कोण जागं असतं

कुताइसीच्या त्या उताराच्या गल्लीत
त्सिआलाबाईंकडे मी अकरा दिवसांसाठी उतरले
आणि दोन महिने राहिले.

वरच्या खोलीत हॉलंडचं निवृत्त जोडपं, विम आणि हानेके.
घर विकून तीन वर्षं फिरायला निघालेले.
प्रत्येक देशाला त्यांनी गुण दिले होते,
तोंडी परीक्षेच्या मास्तरांसारखे:
इस्पितळ, नळाचं पाणी, भूकंप, खिसेकापू,
अंधार पडल्यावर बाईमाणसानं एकटीनं चालावं का.
एका देशाचा अर्धा गुण कापला होता
विंचवांपायी.

माझी यादी आखूड, पण होती यादीच.
व्हिसा किती दिवसांचा, वकिलात किती लांब,
आणि शेवटी, पेन्सिलीनं,
आईला फोनवर देशाचं नाव कसं सांगायचं.

एका रात्री मक्याची भाकरी मोडता मोडता
विमनं नकाशा पसरला.
"पुढे कुठे जावं? सुरक्षित असं?"
त्सिआलाबाईंनी आधी नकाशावरचं तेल टिपलं,
मग चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता.

"सुखुमीचं आमचं घर समुद्रापासून सात मिनिटांवर.
उन्हाळ्यात पाहुणे यायचे, कुठून कुठून.
डॉक्टरच पाठवायचे, जा, हवापालट करा.
विचारायचे, इथे भीती काही?
मी म्हणायचे, आहे ना,
अंजिरं फार खाऊ नका."

त्या हसल्या. आम्हीही.
त्र्याण्णव साली त्या बर्फातून डोंगर चढून आल्या
कुणाचे तरी मोठे, पुरुषी बूट घालून,
हे मला नंतर त्यांच्या मुलीनं सांगितलं,
भांडी विसळताना, पाठमोरं.

"मग हे घर कसं निवडलंत?" हानेकेनं विचारलं.
"समोर बेकरी आहे.
गोगिता रात्री तीनला उठून भट्टी पेटवतो.
गल्लीत कुणीतरी जागं असतं.
मला तेवढं पुरे."

विमनं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.
ह्याला गुण किती, त्याला ठरवता येईना.

त्या रात्री मी मुद्दाम खिडकीशी बसले.
तीनला खरोखरच उजेड पडला.
शटर. खोकला. पिठाची गोणी ओढल्याची खरखर.
कानात पिवळा बिल्ला अडकवलेला गल्लीतला कुत्रा
उठला, अंग झाडलं, बेकरीच्या दारात जाऊन
पाळी संपल्यासारखा निजला.
मलाही झोप लागली, बसल्या जागीच.

विम-हानेके उरुग्वेला गेले. साडेआठ गुण.
मी निघाले सप्टेंबरच्या शेवटी.
बॅगेची चेन लागत नव्हती,
त्सिआलाबाई तिच्यावर गुडघा रोवून म्हणाल्या,
"तुझं गाव कसं आहे गं? सुरक्षित?"

"हो," मी म्हटलं. लगेच.
आपल्या गावाबद्दल म्हणतात तसं.

त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.
मग कागदात बांधलेली अंजिरं माझ्या हातात कोंबली
आणि म्हणाल्या,
फार खाऊ नकोस.