बोट मध्यावर नाही

दाभोली नाक्यावर, झेरॉक्सच्या वर माझं दुकान.
खारा वारा कुणाचं ऐकत नाही,
यूएसबीच्या भोकांत सहा महिन्यांत हिरवं चढतं.

जयवंती मोचेमाडकरने टॉवेल सोडला.
आत बचत गटाचा लॅपटॉप,
पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला,
पाठीवर अजून त्यांचा शिक्का: एकशे बारा.
विंडोज त्यात धापा टाकत होतं.
मी लिनक्स घातलं. पळायला लागला.
"फुकट?"
फुकट.
"मगे कायतरी खोट असतली."

खोट होती.
कीबोर्डच्या उजवीकडे नखाएवढा काळा चौकोन,
बोट टेकायचा. तो मेलेला.
आणि गटात सहा जणी,
पासवर्ड डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवणाऱ्या.

मशीनला विचारलं, तुझ्या पोटात कोण कोण आहे?
त्याने यादी दिली. कॅमेरा, ब्लूटूथ,
आणि शेवटी एक निनावी:
चार अक्षरं, विसर्गासारखी दोन टिंबं, पुन्हा चार अक्षरं.
कंपनीने याची भाषा कुणाला सांगितलेली नाही.
पण कुणीतरी, कुठल्यातरी थंड देशात,
याचं विंडोजशी चाललेलं बोलणं
भिंतीला कान लावून ऐकलं होतं, रात्रीच्या रात्री,
आणि लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिलं होतं.
मी ते उतरवून घेतलं.
बांधताना तीनदा मोडलं. वीज गेली. आली.
चौथ्यांदा चौकोनाच्या कडेला पोपटी दिवा लागला,
आणि माझा अंगठा पाच टेकण्यांत त्याने घेतला.
मी एकट्यानेच टाळी वाजवली.
खालचा झेरॉक्सवाला जिन्यातून डोकावून गेला.

संध्याकाळी सहाही जणी आल्या.
"ठेव बोट."
जयवंतीने ठेवलं.
बोट मध्यावर नाही. पुन्हा ठेवा.
ठेवलं.
पुन्हा ठेवा.
पदराला पुसून ठेवलं.
पुन्हा.
मी त्या थंड देशातल्या माणसाला मनात एक शिवी दिली.
"तेचो दोष नाय रे," ती म्हणाली,
"रेशनाकय माझो अंगठो लागणा नाय."

अठरा वर्षं काजू फोडला तिने.
डाव्याने बी धरायची, उजव्याने दांडा ओढायचा.
टरफलाचं तेल राखेला जुमानत नाही,
एरंडेललाही नाही.
पेरं घोटून ठेवलेल्या पाटीसारखी.
आई अंगठाछाप, म्हणून हिला सातवीपर्यंत शिकवलं,
ही झोकात सही करते,
आणि आता सगळे अंगठाच मागतात.

मी तिचा हात दिव्याखाली धरला.
मग माझी करंगळी वर केली: ही दे.
"जा मरे, कोण अडवता तुका?"
मागून एस्तेलिन फर्नांडिस म्हणाली,
आणि दुकानातले स्क्रू हलतील इतक्या त्या हसल्या.

पण करंगळी बीला लागत नाही.
ती बाजूला राहते, जराशी वर, पाहुणीसारखी.
तिच्यावर होत्या रेषा,
ओहोटीनंतर सागरेश्वरच्या वाळूत राहतात तशा.
एक, दोन, चुकलं, तीन, चार, पाच.
घेतली.

चौघींच्या करंगळ्या लागल्या, एकीची अनामिका.
एस्तेलिनचं एकही बोट नाही.
दहाही करून पाहिली. मग तिसऱ्यांदा दहाही.
"ऱ्हवांदे," ती म्हणाली, "माका पासवर्ड दी."

काळी खिडकी उघडून दिली आणि तोंड फिरवलं.
ती अंगठ्याने टाईप करत होती,
एकेक कळ शोधून, दाबून.
थांबली.
"ह्या कायच उमटणा नाय."
इथे टिंबंसुद्धा दिसत नाहीत, मी म्हटलं.
उमटत नाही. पण पोचतं.
"खरा?"
खरं.
ती पुन्हा वाकली. बराच वेळ दाबत राहिली.
एवढा लांब कशाला, मी विचारलं नाही.

खाली झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं.