कलम एकवीस, पोटकलम चार

करारनाम्याची पानं एकशे अठरा.
मी वाचली होती रॉयल्टीपर्यंत,
तेलाचं तापमान, पाटीच्या लाल रंगाचा नंबर,
बटाट्याची काडी किती मिलिमीटर.
मधलं राहिलं. मधलं नेहमीच राहतं.

आता मेल आलाय, तिसरी आठवण:
मालक, भागीदार, कर्ज देणारे, नोकर, पुरवठादार
यांतलं कोणीही
कोणत्याही देशाच्या कोणत्याही बंदीयादीत नाही
असं लिहून द्या.
दरवर्षी. सहीनिशी.

मानेवाडा रिंगरोडवर
मोबाइलच्या काचा बदलणारा आणि मेडिकल स्टोअर
यांच्या मधे माझी अकरा टेबलं.
इथं दहशत म्हणजे शनिवारी रात्री आठला
फ्रायरचा थर्मोस्टॅट जाणं.

तरी बसते. एकेक नाव टाकते.
चंदा गेडाम, भांडी. जुळणी नाही.
प्रफुल्ल नंदनवार, काउंटर. जुळणी नाही.
कळमन्याच्या कांदेवाल्याचं पूर्ण नाव
नऊ वर्षांत मी विचारलंच नव्हतं.
फोन केला तर म्हणतो,
"काऊन जी, पत्रिका छापून राहिल्या का?"
त्याचीही जुळणी नाही.

रज्जाक शेख, फ्रायर.
पडदा पिवळा.
संभाव्य जुळणी, एक्क्याऐंशी टक्के.
खाली कुठल्या तरी दूरच्या बंदरातला एक माणूस,
टोपणनावं सात,
जन्म अंदाजे.

अंदाजे तर आमच्या रज्जाकचाही.
एक जुलै.
ताजबागेमागच्या शाळेत गुरुजींनी
अख्ख्या वर्गाला एकच जन्मतारीख वाटली.
उमरेडला माझ्या बाबांनाही तीच मिळाली.
निम्मा विदर्भ एक जुलैला जन्मला
आणि त्या दिवशी कोणाच्याच घरी केक येत नाही.

रज्जाक हात पुसत आला.
आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला,
तिन्हींवर तीन स्पेलिंगं.
"यादीत नाव आलं तं पगार वाढते का, मॅडम?"
हसला. मीही हसले.
मग तो कागद नीट घडी घालताना म्हणाला,
"त्या दुसऱ्या रज्जाकले
माह्या नावानं कोणी बोलावत असन का?"

यादीचा मला राग नाही.
कुठल्या तरी गावात कुठल्या तरी हॉटेलात
कोणीतरी टेबलाखाली बॅग विसरल्यासारखी ठेवून गेलं,
आणि तिथंही आत कोणीतरी
फ्रायरसमोर उभंच होतं.

आईचं नाव, गाव, फोटो,
सगळं जोडलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
ही व्यक्ती ती व्यक्ती नाही.
एवढं लिहायला चाळीस मिनिटं लागली.
नाही हे सिद्ध करायला
कागद जास्त लागतात.

मग शेवटचा रकाना, कर्ज देणारे.
बँक. जुळणी नाही.
विलास भावजी.
टाकलं नाव. लगेच हिरवं.
एका श्वासात हिरवं.

भावजींचे सहा लाख
इतवारीतल्या एका गादीवरून आले होते,
पिवळ्या पिशवीत, चिठ्ठीवर फक्त आकडा.
मशीनची डिपॉझिट भरायची होती.
मी मोजले, दोनदा मोजले,
विचारलं मात्र नाही.
भावजींनी चहा पिता पिता सांगितलं होतं,
"घरचाच पैसा हाय, बाई."
घरचा म्हणजे कोणाच्या घरचा
हे मशीनही विचारत नाही,
त्याला फक्त नाव लागतं.
आणि नाव चांगलं आहे भावजींचं,
कोणत्याच बंदरात दुसरं नाही.

खाली चौकोन: वरील माहिती
माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.
समजूत. हा शब्द ज्यानं घातला
तो वकील हुशार.

रात्रीचे साडेअकरा. शटर अर्धं खाली.
मी भावजींना लिहिलं:
ते सहा लाख नेमके कुठले होते?
दोन निळ्या खुणा.
लिहितायत, थांबले, लिहितायत, थांबले.

आतून रज्जाकची हाक,
"मॅडम, तेल काळं पडलं,
बदलू का उद्या चालवू?"

चौकोन रिकामाच आहे अजून.
बदल, म्हटलं.