लेप न दिलेली तबकडी

सकाळी इन्क्युबेटर उघडला तर
तबकडीत पेशी तरंगत होत्या,
धुवणात कणी फिरावी तशा,
गोल, चकचकीत, कुणाच्याच नसलेल्या.

इमेल्डा म्हणाली, लेप द्यायला विसरलीस.

खरं होतं. आदल्या दुपारी
बेतूलहून शाबाकाकाचा फोन आला होता:
तुझा बाप खडपावरून चालत घरी आला,
मागे ओट्यापर्यंत रक्ताची पावलं,
आणि तो विचारतो, ही कुणाची?
साखरेनं त्याचे तळवे केव्हाच बहिरे केलेत.
कालवांच्या धारेवर उभा राहिला
आणि खालून निरोपच आला नाही.

मी फोन ठेवला, हातमोजे बदलले,
कोऱ्या प्लास्टिकवर पेशी ओतल्या.

पेशीला डोळे नाहीत.
अंगभर हात आहेत तिला, असं नव्या मुलांना सांगते
आणि लगेच दुरुस्त करते, हात नव्हेत रे,
पडद्यातून आरपार गेलेले रेणू.
एक टोक बाहेरच्या जाळीत अडकायला,
दुसरं आत, तिच्याच दोरखंडांना बांधलेलं.
रिकामे असले की कमरेत वाकून बसतात,
काही गवसलं की ताठ होतात.
मग ती ओढून बघते.
याचं मला अजून नवल वाटतं.
धरते, आणि ओढून बघते,
जमीन किती टणक, आपण किती पसरायचं
ते त्या ओढीवरून ठरवते.
साळ नदीच्या मुखाशी
पोटरीभर चिखलात उभा राहून
बाबा होडी लावायचा, तेव्हा असाच
दोरीला दोन हिसके द्यायचा.

धरायला काहीच नसेल तर
पुष्कळशा मरतात. उपाशी नव्हे,
अन्न भोवती लालसर, मुबलक असतं.
हुकूम आतूनच निघतो,
एकेक दिवा मालवला जातो.
ग्रीक भाषेतून त्याला एक नाव दिलंय,
घरावाचून होणं, असा काहीसा अर्थ.
आणि ज्या मरत नाहीत,
कशालाच न धरता भटकत जगतात,
त्यांच्यासाठी तर बांबोळीचा आमचा सगळा मजला आहे.

तबकडी टाकायला निघाले.
सवयीनं एकदा सूक्ष्मदर्शकाखाली धरली.
कडेला सात-आठ जणी
एकमेकींना चिकटून एक ढेकूळ झालेल्या.
जमीन नाही तर जमीन नाही.
या असल्या धरण्याला कॅल्शियम लागतं,
तेच, जे शिंपल्यांत असतं,
भट्टीत भाजून आमच्या भिंतींना लागलं ते.
मी झाकण लावलं, वर तारीख लिहिली,
पुन्हा आत ठेवली.
इमेल्डानं पाहिलं. वहीत काहीतरी खरडत राहिली.

शनिवारी मडगावची बस, मग बेतूलची.
बाबा ओट्यावर, पाय पाटावर,
पट्टी शाबाकाकाच्या हातची, जाळ्याच्या गाठी मारलेली.
ती सोडवली, जखम धुतली.
अंगठ्याशी बोट नेऊन विचारलं, कळतं?
"कळटा," म्हणाला, समुद्राकडे बघत.
मी अजून बोट टेकवलंच नव्हतं.

नवी पट्टी बांधेस्तोवर दोघं गप्प.
मग तो: "थंय कितें करता गो तूं?"
पेशींना धरायला जागा करून देते, म्हटलं.
आणि सोडवायच्या झाल्या तर?
एक एन्झाइम घालतो. दोन मिनिटांत सुटतात.

"दोनूच?"

चाळीस वर्षं त्यानं शिणाण्या काढल्या,
लाट मागे सरते तेवढ्या वेळात,
श्वास कोंडून, पारईच्या टोकानं,
दाढीसकट, कधी दाढीला दगडाची कपची धरून आलेल्या.
बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला,
जणू त्यांनी त्याला काही सांगायचं राहिलं होतं.

मग उठला. उठताना ओट्याचा खांब धरला.
आधी हलवून बघितला.